गाडी किती खाते?
नवशिक्या स्पोर्ट्सकारवाल्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका (कोल्हापूर आवृत्ती)

अभिनंदन. एमएच-०९ ची पाटी लावलेली, जमिनीपासून अर्ध्या वितीवर पोट असलेली आणि दारात उभी केली की अर्धी गल्ली गोळा करणारी गाडी तुम्ही घेतली आहे. आता तुम्हाला रोज एकच प्रश्न विचारला जाईल: "किती देते?" विचारणारा गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन आलेला पैलवान असो की तुमचे सासरे, प्रश्न तोच. तुम्ही खरा आकडा सांगा किंवा दुप्पट करून सांगा, ऐकणारा मान हलवून "मग परवडत नाही की ओ" म्हणणारच.

तो प्रश्न पेट्रोलचा आणि या मार्गदर्शिकेच्या बाहेरचा आहे. आपला विषय "किती खाते?" हा आहे, म्हणजे ऑइल. हा प्रश्न मालकाला कोणी विचारत नाही आणि मालकही गाडीला विचारत नाही. मग एखाद्या रविवारी किणी टोलनाक्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि मालक पुस्तिका शोधू लागतो. ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असते.

आधी हे समजून घ्या

नवशिक्याची समजूत अशी की गाडी एवढ्या पैशांची, तर ती ऑइल कशाला खाईल? खाते. घरच्या साध्या हॅचबॅकपेक्षा जास्त खाते आणि त्यात तिचा काही दोष नसतो.

पिस्टनला बहुधा तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात. तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, लोटते. तिने सगळंच खरवडलं तर भिंत कोरडी पडून इंजिन धरेल, म्हणून पातळ थर मागे राहावाच लागतो, आणि जो राहतो त्यातला थोडा पेट्रोलबरोबर जळतो. स्पोर्ट्सकारच्या इंजिनात घर्षण कमी व्हावं म्हणून रिंगांचा ताण कमी ठेवतात. पिस्टन तापून फुगणार हे धरून थंड असताना मोकळी जागा थोडी जास्त सोडतात. शिवाय मिनिटाला सात-आठ हजार फेरे. फोक्सवॅगन-ऑडी गटाच्या गाड्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खप चालेल असं छापलेलं असतं. पोर्शच्या पुस्तिकांत आकडा याहून मोठा दिसतो. या आकड्यांत कंपनीचा प्रांजळपणा किती आणि वॉरंटीच्या भांडणातून अंग काढून घेण्याची सोय किती, यावर माझं मत सोयीच्या बाजूला झुकतं. तरी आकडा खोटा नाही.

अर्धा लिटर म्हणजे किती, याचा हिशेब एकदा करून ठेवा, म्हणजे रात्री झोप लागेल. ताशी शंभरच्या वेगाने हजार किलोमीटरला दहा तास लागतात. टॉप गियरला इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल तर दहा तासांत १५ लाख फेरे होतात. सहा सिलिंडर धरले तर पिस्टन एकूण ९० लाख वेळा खाली गेले. ५०० मिलिलिटर म्हणजे साधारण १०,००० थेंब. म्हणजे पिस्टन ९०० वेळा खाली जाऊन येतात तेव्हा कुठे एक थेंब जळतो. यापेक्षा जास्त काटकसर इंजिनाकडून मागणं म्हणजे अतिच.

आणखी धीर हवा असेल तर फॉर्म्युला वनकडे बघा. तिथे काही संघ ऑइल मुद्दाम जाळून त्यातून जादा ताकद काढतात, अशी बोंब झाली. तेव्हा या खेळाची नियामक संस्था असलेल्या एफआयएने मर्यादा आणली: २०१७ मध्ये नव्या इंजिनांना १०० किलोमीटरला ०.९ लिटर, २०१८ पासून ०.६ आणि २०२० पासून ०.३. शंभराला ०.६ म्हणजे हजाराला सहा लिटर! तुमच्या गाडीने हजाराला अर्धा लिटर खाल्लं म्हणून देव पाण्यात ठेवू नका.

सपाट जागा

पुस्तिकेत एकच ओळ असते: ऑइल मोजताना गाडी समतल जागी उभी करावी. ती ओळ लिहिणारा माणूस शिवाजी पेठेत कधी आलेला नाही. आपल्याकडे रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता, गल्ली एका टोकाला उंच, आणि दोन्हीच्या वर कुठल्यातरी मंडळाने मांडवासाठी पाडलेले खड्डे. पेट्रोलपंप दिसायला सपाट असतो, पण पाणी वाहून जावं म्हणून त्यालाही उतार दिलेला असतो. दसरा चौक सपाट आहे खरा. मात्र तिथे बॉनेट उघडून उभं राहिलात तर दहा मिनिटांत सभा भरेल.

नवशिक्याने काचेची एक गोटी विकत घ्यावी. आपल्याच पार्किंगमध्ये ती ठेवून बघावी. जिथे ती थांबते, निदान सावकाश लोळते, तिथे गाडी उभी करून चारही चाकांभोवती रंगाने खुणा कराव्यात. घरचे विचारतील, वास्तूचं आहे म्हणून सांगावं, पुढचे प्रश्न आपोआप थांबतात.

आता खरी गोष्ट. ती जागा अगदी समतल नसली तरी चालतं. थोडी तिरकी असेल तर प्रत्येक मोजणीत तेवढीच चूक येईल आणि वजाबाकी करताना ती निघून जाईल. आज घराखाली, पुढच्या आठवड्यात रंकाळ्यावर आणि महिन्याने पुण्यातल्या मेव्हण्याच्या सोसायटीत मोजलंत, तर तीन आकडे मिळतील आणि तिन्ही निरुपयोगी. जागा एक, वेळ एक, मोजणारा एक. गाडीचं सगळं विज्ञान एवढ्या तीन शब्दांत आलं, बाकी नुसता चिकटपणा.

काडी

डिपस्टिकला आपले मिस्त्री गेज म्हणतात, काहीजण काडी म्हणतात. साध्या चेंबरच्या इंजिनाला पद्धत अशी: गाडी शिरोली नाक्यापर्यंत जाऊन येईल एवढी चालवून गरम करा, खुणेवर लावा, बंद करा, दहा मिनिटं थांबा. वर चढलेलं ऑइल खाली उतरायला तेवढा वेळ लागतो. काडी काढा, पुसा, तळापर्यंत घाला, पुन्हा काढा, आडवी धरून वाचा. दोन बाजूंना वेगळं दिसलं तर खालचा आकडा खरा. पुसायला धागे न सुटणारं कापड घ्या. बनियनचा तुकडा घेऊ नये. तो या शहरात प्रत्येक कामाला वापरतात, म्हणून इथेही मोह होतो.

ही दहा मिनिटं फार धोक्याची असतात. बॉनेट वर गेलेलं लांबून दिसतं आणि माणसं येतात. "काय दादा, बंद पडली व्हय?" याला नाही म्हणू नका. नाही म्हटलं की ते थांबून बघतात. हो म्हटलं की समाधानाने जातात.

ड्राय सम्प गाड्यांचं गणित उलटं आहे. या इंजिनाखाली ऑइल साठत नाही. पंप ते खेचून वेगळ्या टाकीत ठेवतो, म्हणजे जोराच्या वळणावर ऑइल एका बाजूला जाऊन इंजिन कोरडं पडत नाही. १९९८ पर्यंत बनलेल्या हवेवर थंड होणाऱ्या पोर्श ९११ या प्रकारच्या. त्यांचं ऑइल इंजिन गरम आणि चालू असतानाच मोजायचं. बंद करून काडी काढलीत तर ती कोरडी दिसू शकते, कारण टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनात उतरतं. नवशिक्या घाबरतो, दीड लिटर ओततो, गाडी सुरू करतो आणि जादा ऑइल ब्रीदरमधून हवेच्या वाटेत जाऊन सगळी पेठ निळी होते. यातला विनोद शेजाऱ्यांना आधी कळतो.

नव्या गाड्यांत बऱ्याचदा काडीच नसते. बीएमडब्ल्यूने २००० नंतरच्या दशकात अनेक इंजिनांतून ती काढून टाकली. पोर्शच्या अलीकडच्या गाड्यांतही पडद्यावरच्या पट्ट्या बघाव्या लागतात. इंजिन पुरेसं तापलेलं नसेल किंवा गाडी तिरकी असेल तर पडदा मोजायला नकार देतो. मला हा प्रकार पटत नाही. एवढे पैसे मोजणाऱ्याला आपल्या गाडीचं ऑइल बोटाला लावून बघता येऊ नये? पण कंपनीने विचारलं नाही, तेव्हा पडद्यावरची पट्टी वहीत उतरवावी आणि काडीवर तीच पातळी आणखी किती बारीक वाचता आली असती ते मनात धरावं.

वही, कॅन, किराणा दुकान

सर्व्हिस झाल्यावर पातळी वरच्या खुणेशी आहे याची खात्री करून किलोमीटर लिहा. मग गाडी चालवा. पातळी निम्म्यावर आली की पुन्हा वरच्या खुणेपर्यंत टाका, किती टाकलं ते आणि किलोमीटर लिहा. समजा १,४०० किलोमीटरमध्ये ६०० मिलिलिटर टाकावं लागलं: ६०० भागिले १.४, म्हणजे हजाराला ४२९ मिलिलिटर. एवढंच. इथे लोक एक्सेल शीट काढतात, आलेख काढतात, त्याला रंग देतात. चौकोनी रेघांची वही पुरते.

"किती टाकलं" हे मात्र डोळ्यांनी ठरवू नका. कॅनच्या बाजूची खिडकी फसवी असते. कॅन ओतण्याआधी आणि नंतर वजन करा. इंजिन ऑइल लिटरला साधारण ८५० ग्रॅम भरतं, म्हणजे ८५ ग्रॅम कमी झाले की १०० मिलिलिटर गेले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा चालेल. गुजरीतल्या सराफाचा काटा जास्त बारीक असतो, पण तिथे मोबिलचा कॅन घेऊन जाणाऱ्याला कोणी चहा विचारत नाही.

एका वेळी पाव लिटरपेक्षा जास्त ओतू नका. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. पाव लिटर टाका, थांबा, पुन्हा बघा. जास्त भरलं तर क्रँक त्यात बुडून फेस करतो, आणि फेसाने बेअरिंगचं भलं होत नाही. डिकीत, किंवा इंजिन मागे असेल तर पुढच्या डिकीत, एक लिटरचा कॅन कायम असू द्या. ग्रेड आणि कंपनीची मान्यता पुस्तिकेत लिहिली असेल तीच, जसं पोर्शला ए४०. अशा गाडीचं अधिकृत वर्कशॉप बहुधा पुण्यात किंवा मुंबईत असतं, आणि रात्री अकराला कागलजवळच्या पंपावर ०डब्ल्यू-४० मागितलंत तर पोरगा तुमच्याकडे दयेने बघेल.

गाडी चालवण्याबद्दल, थोडक्यात

खप मोजायला गाडी चालावी लागते, आणि कोल्हापुरातल्या स्पोर्ट्सकारचं मुख्य काम मिरजकर तिकटीपासून रंकाळ्यापर्यंत ताशी वीसने जाणं, तिथे उभी राहून फोटो देणं आणि परत येणं हे असतं. नव्या इंजिनाच्या रिंगा भिंतीशी बसायला दाब लागतो. सुरुवातीचे किलोमीटर पुस्तिकेच्या मर्यादेत, पण हळूहळू भार वाढवत काढावे लागतात. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किलोमीटरला पहिली सर्व्हिस ठेवली आहे ती यासाठीच. नुसत्या लाडाने हाकलेल्या इंजिनाच्या भिंती चकचकीत होतात आणि मग ते जन्मभर ऑइल खातं. तेव्हा मोजणीसाठी पुण्याच्या दोन खेपा करा, हजाराच्या जवळ जाल. सहापदरीकरणाच्या वळशांमुळे थोडे किलोमीटर जादाही मिळतात, तेही फुकट.

निवडणुकीच्या मिरवणुकीत गाडी उभी करून रेस करण्याचा प्रकार वहीत कुठे लिहायचा, हा अवघड प्रश्न आहे. ऑइल जळलं, किलोमीटर झाले शून्य. शून्याने भागता येत नाही. अशा दिवसासमोर फक्त उमेदवाराचं नाव लिहून ठेवावं.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची संस्थानकाळातली मेबॅक सीमोल्लंघनाला दसरा चौकात येते, ती बघून "ती गाडी वर्षातून एकदा निघते तरी ठणठणीत आहे की" असा युक्तिवाद कोणी करेल. त्या गाडीच्या मागे राखणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुमच्या गाडीच्या मागे हप्ता आहे.

धूर

निळा धूर म्हणजे ऑइल, पांढरा आणि न विरणारा म्हणजे कूलंट, काळा म्हणजे जास्तीचं पेट्रोल. एवढं कुठेही वाचायला मिळतं. धूर केव्हा येतो हे बघणं महत्त्वाचं.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरा, किंवा आंबा घाट. गियरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून. उतारावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि व्हॉल्व्हच्या दांड्यापासून किंवा रिंगांच्या कडेने ऑइल आत खेचलं जातं. घाट संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबा आणि आरशात बघा. तेव्हाच एक निळा झोत आला आणि नंतर विरला तर आधी संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्या. जोर धरला की सतत येत असेल तर रिंगा. टर्बोची गाडी बराच वेळ उभ्याने चालू ठेवल्यावर धूर मारत असेल तर टर्बोचं सील तपासायला द्या. सकाळी पहिल्या स्टार्टला पोर्शने थोडा धूर काढला तर पत्रिका दाखवू नका; तिचे सिलिंडर आडवे निजलेले असतात, रात्रभरात थोडं ऑइल त्यांत उतरतं आणि सकाळी जळतं.

स्थानिक सूचना: ही परीक्षा गळीत हंगामात करू नये. त्या दिवसांत तुमच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो, त्याचा काळा धूर आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर मिसळून तुमचा निळा धूर ओळखूच येत नाही. मागून येणारा मित्र सांगेल ते तर अजिबात धरू नका. तो गाडी बघत असतो.

तज्ज्ञ

या शहरात धुराचे तज्ज्ञ इतके का आहेत, त्याला इतिहास आहे. एका पिढीने येझदीसाठी पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेतलं. पुढच्या पिढीने यामाहा आरएक्स-१०० चालवली. १९८५ ते १९९६ बनलेल्या त्या टू-स्ट्रोकमध्ये वेगळा पंप ऑइल पुरवायचा, आणि ते जाळणं हाच तिचा स्वभाव. मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या, तिथली रोटॅक्स मॅक्स इंजिनंही टू-स्ट्रोकच. तेव्हा तुमचा निळा धूर बघून एखादे काका "आवाज भारी हाय, धूर तर येणारच" म्हणाले तर ते आठवणीतून बोलतायत असं समजावं. त्यांचा दुसरा सल्ला असेल "घट्ट ऑइल टाक, २०डब्ल्यू-५०". टाकू नका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहण्याचा, नंतरचा शंभर अंशावरच्या घट्टपणाचा. तुमच्या इंजिनातल्या बारीक वाटा पातळ ऑइल धरून आखलेल्या असतात. काकांचा मान राखून "बघतो" म्हणा.

उद्यमनगरातला मिस्त्री मात्र वेगळा माणूस. त्याला मान द्यावा लागतो तो सवय म्हणून नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्रीत इंजिनाचे ओतीव भाग बनतात. बोअरची भिंत आतून कशी असते हे या गावात हजारो हातांना माहीत आहे. होनिंगच्या तिरक्या एकमेकांना छेदणाऱ्या रेघा ऑइल धरून ठेवण्यासाठी असतात आणि त्या पुसल्या गेल्या की गाडी ऑइल खाते, हे मिस्त्री तुम्हाला बोटाच्या नखाने दाखवेल. प्लग काढून त्याचा रंग बघेल, वास घेईल, आणि पडद्यावरच्या पट्ट्यांपेक्षा जास्त सांगेल.

एका ठिकाणी सावध राहा. तो म्हणेल, "मालक, बोअर मारू, ओव्हरसाइज पिस्टन टाकू, चार दिवसात बांधून देतो." साध्या लायनरच्या इंजिनाला हा सल्ला सोन्यासारखा. पण बऱ्याच स्पोर्ट्सकारच्या सिलिंडरांना लायनर नसतं. ॲल्युमिनियमवर निकासिलचा थर असतो, किंवा अल्युसिलसारखा सिलिकॉनमिश्रित धातू खास पद्धतीने उघडा केलेला असतो. तिथे बोरिंग बार फिरला की कंपनीने बनवलेली भिंत गेली. तेव्हा आधी त्याला वही दाखवा. हजाराला ४२९, मग ४४०, मग ४२५ असे आकडे दिसले तर तो स्वतःच वही मिटून "काय झालं नाय हिला, फिरवा" म्हणेल. ४००, ६०० आणि ९०० दिसले तर तो बोलणार नाही, चहा मागवेल. तेव्हा चार दिवसांची बोली करू नका, आधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन तपासून घ्या.

पातळी उतरलीच नाही, किंवा वाढली, तर

नवशिक्या इथे पेढे वाटतो. थांबा. दोन हजार किलोमीटर झाले आणि काडी वरच्या खुणेवरच आहे, तर काडीचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर छोट्या-छोट्या फेऱ्यांत न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून उतरून ऑइलमध्ये मिसळलंय. जेवढं ऑइल जळलं तेवढं पेट्रोल आलं, आणि आकडा सरळ दिसला. ते ऑइल पातळ झालेलं असतं. बदला आणि वही पहिल्या पानापासून सुरू करा. काडीवर दुधाळ फेस असेल तर पाणी आहे. गाडी सुरू न करता टो करून न्या.

वास नाही, फेस नाही, तरी पातळी वाढली असेल तर घरात चौकशी करा. बहुतेक वेळा ड्रायव्हरमामा सापडतात. त्यांनी "साहेब वहीत रोज बघतात, काळजी करतात" म्हणून पुढच्या डिकीतल्या कॅनमधलं अर्धा लिटर आपलेपणाने ओतलेलं असतं, वजन न करता. रागावू नका. जादा ऑइल काढून टाका, तो आठवडा वहीत खोडा आणि कॅन कपाटात कुलपात ठेवा. मामा दुसरा कॅन आणतील, त्याची पावती मात्र मागून घ्या. त्यावरून निदान तारीख तरी कळेल.